चार बोटं माया

तेवाकानला, बाजारामागच्या तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
दोन शिलाई मशिनं, एक बिनडोक्याचा पुतळा
आणि आईकडून आलेली पिवळी टेप,
जिचे पहिले तीन आकडे पुसून गेलेत.

रेनाताला मे महिन्यात पंधरा पूर्ण होतील.
चर्च, बँड, दोनशे पाहुणे, आणि झगा.
तिला शेवाळी रंग हवाय
आणि झग्याखाली कॅनव्हासचे बूट.
बुटांवरून आमचं भांडण झालंय, ते अजून मिटलेलं नाही.

धाकटी आब्रिल स्टुलावर वही घेऊन बसलेली.
मी आकडा सांगायचा, तिनं लिहायचा.
खांदे. पाठ. बाही.
मग कमरेपाशी आले आणि तोंडातून निघून गेलं,
“श्वास आत घे.”

रेनातानं घेतला.
पण तिकडे स्टुलावर, पेन्सिल दातात धरून,
आब्रिलनंही पोट आत ओढलं.
सात वर्षांची पोर.
तिचं माप कोणी घेत नव्हतं.

आई मापं मोठ्यानं सांगायची.
मावशी गल्ल्यापाशी लिहून घ्यायची, गिऱ्हाइकं ऐकायची,
पाव द्यायला आलेला एलादियो दारातच थबकून ऐकायचा.
“कंबर शहात्तर! गेल्या ईस्टरला एकोणसत्तर होती हो!”
सगळे हसायचे. त्यात वाईट काही नव्हतं म्हणे.
त्या उन्हाळ्यात मी तपकिरी स्वेटर घातला
तो तीन वर्षं काढला नाही.
लग्नाच्या फोटोतसुद्धा मी तिरकी उभी आहे,
नवऱ्याच्या अर्धी मागे.

मुली झाल्या तेव्हा ठरवलं होतं,
घरात वजनकाटा नको, “जाड” हा शब्द नको.
शब्द सांभाळले मी. अगदी डोळ्यांत तेल घालून.
श्वासाकडे लक्षच गेलं नाही.

“सोड,” मी म्हटलं. “दोघी सोडा.”
“तू पण?” आब्रिलनं विचारलं.
तेव्हा कळलं, माझंही पोट आतच होतं,
कधीपासून, कोण जाणे.
सोडलं. ब्लाउजचं एक बटण ताणलं गेलं.
रेनाता फिसकन हसली, मग खो-खो हसत सुटली,
टेप तिच्या कमरेवर वर-खाली होत राहिली,
आकडा काही ठरेना.
“किती लिहू?”
“त्यातला मोठा लिही.”

रात्री मुली झोपल्यावर पेटी उघडली.
माझा पंधराव्या वर्षाचा झगा, गुलाबी, आता पिवळट.
त्याची एकच आठवण होती,
की त्यात श्वास घेता येत नव्हता.
बेत बघायला म्हणून बाजूची शिवण उसवली.
आत, दोन्ही अंगांना, नीट दुमडून
चार चार बोटं माया.

सॅटिन महाग होतं तेव्हा.
एवढी माया कोणी ठेवत नाही.
आई, तू ठेवलीस
आणि मला सांगितलं नाहीस.
आकडा तेवढा सांगितलास, अख्ख्या बाजाराला.
मी रडले नाही. खरं सांगायचं तर चिडले.
चार बोटं! उसवायला दहा मिनिटं लागली असती,
त्या रात्री मी दोन घास तरी खाल्ले असते,
एखादा नाच नाचले असते.

शेवाळी कापड काल बेतलं.
माया सोडलीय, आणि कुठे सोडलीय ते
रेनाताचं बोट धरून दाखवलंय.
“लागलं की इथून उसव. माझी वाट बघू नकोस.”
तिनं मान हलवली, नजर फोनमध्येच.

जेवताना दुसरी तोर्तिया तिनं नको म्हटली.
पोट भरलं असेल.
असेलच.
माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली, बरंच झालं.
तोर्तिया फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली,
झाकण जरा तिरकं ठेवलं.

सकाळी टोपली रिकामी होती.
कोणी खाल्ली, विचारलं नाही.